इमानाचे माप

आपण दुकानात जाऊन एक किलो तूरडाळ मागतो. दुकानदार ती तोलून देतो. आपण पैसे मोजून घरी येतो. घरी आल्यावर ती डाळ पुन्हा कोणी तोलून पाहत नाही. अकोल्याचा किलो आणि अमरावतीचा किलो निराळा असेल, अशी शंकाही कोणाच्या मनात येत नाही. हा विश्वास आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो एके काळी नव्हता, हेच आपण विसरून गेलो आहोत. तो उभा करण्यासाठी अनेक पिढ्यांना खपावे लागले. त्या खटपटीची हकीकत समजून घ्यावयाची असेल, तर वऱ्हाडच्या कापसाकडे वळावे. कारण या मालाने विश्वास गमावण्याचे दुःख भोगले आणि तो पुन्हा मिळविण्याचे कष्टही सोसले.

आजपासून सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची अमरावतीची पेठ डोळ्यांसमोर आणा. अमरावतीस तेव्हा उमरावती म्हणत. दिवाळी सरली, पऱ्हाटीची बोंडे फुटली, वेचणी झाली, की खेड्याखेड्यांतून कापसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा पेठेकडे लागत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि त्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोहोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणि तेथून आगबोटींनी लिव्हरपूलच्या बंदरात जाऊ लागला. तेथील व्यापारी या कापसास ‘उमरा’ म्हणत. उमरावतीच्या नावावरूनच हे नाव पडले होते. आपल्या एका गावाचे नाव सातासमुद्रांपलीकडच्या बाजारात दररोज उच्चारले जात होते, ही केवढी अभिमानाची गोष्ट! परंतु त्या नावाला लवकरच डाग लागला.

वऱ्हाडात त्या वेळी प्रामुख्याने दोन जातींचा कापूस होत असे. एक ‘बनी’, हिचा तंतू लांब व मऊ असे. दुसरी ‘जरी’, हिचा तंतू आखूड व जाडाभरडा, परंतु पीक भरघोस येई. चांगल्या बनीत हलकी जरी मिसळावी आणि सारा माल बनीच्या भावाने विकावा, असा मोह काहींना झाला. कोणी कापसावर पाणी शिंपडून त्याचे वजन वाढवी. कोणी त्यात सरकी, माती आणि काडीकचरा तसाच राहू देई. शेतातून निघालेला कापूस सूत कातणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वी अनेकांच्या हातांतून जात असे. यांपैकी कोणाच्या हातून ही लबाडी झाली, हे शेवटी कोणालाच सांगता येत नसे.

याचा परिणाम काय झाला, तो नीट समजून घ्या. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला प्रत्येक गाठ फोडून आत पाहणे शक्य नव्हते. काही गाठींत खोट निघते, एवढे त्याला ठाऊक होते. कोणत्या गाठींत निघेल, हे मात्र ठाऊक नव्हते. म्हणून तो सगळ्याच गाठींचा भाव उतरवून मागे. ज्या शेतकऱ्याने आपल्या शेतातील स्वच्छ, कोरडा कापूस निवडून आणला, त्यालाही भेसळीच्या मालाचाच भाव मिळू लागला. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. यापेक्षाही वाईट गोष्ट पुढे घडली. प्रामाणिकपणाने अधिक दाम मिळत नाही, असे दिसल्यावर निवडून-वेचून चांगला माल आणण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत? अशा रीतीने एकाची लबाडी दहाजणांचा उत्साह मारते आणि सगळ्या प्रांताचा माल हलका होत जातो.

या दुखण्यावर सरकारने पहिला उपाय केला तो शिक्षेचा. मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा झाला. तरीही पुढील अर्धशतकभर भेसळीची ओरड थांबली नाही. यात नवल नाही. चोराला शिक्षा करावयाची, तर चोरी कशाला म्हणावे, हे आधी ठरावे लागते. कापसात किती कचरा असला म्हणजे तो स्वाभाविक आणि किती असला म्हणजे तो मुद्दाम मिसळलेला? किती ओलावा दवाचा आणि किती पाण्याच्या घागरीचा? याचे सर्वांना मान्य असे माप जोपर्यंत नव्हते, तोपर्यंत विकणारा म्हणे, “माल उत्तम आहे,” आणि घेणारा म्हणे, “माल खराब आहे.” दोघांमध्ये न्याय करणार कोण?

उपायाची दुसरी पायरी वऱ्हाडातच घातली गेली. कारंजा हे त्या काळचे भरभराटीचे व्यापारी गाव. ते पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. आता वाशीम जिल्ह्यात आहे. १८८६ साली तेथील कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आणला गेला. हिंदुस्थानातील ही पहिली नियंत्रित बाजारपेठ मानतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या काळी बाजारात शेतकऱ्याची कशी गत होई, हे पाहिले म्हणजे या कायद्याचे महत्त्व कळते. अडत्या आणि खरीददार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असे. पण भाव काय ठरला, हे त्याला दिसत नसे. मग तोलाई, हमाली, धर्मादाय, नमुना, कडता अशा नाना नावांनी त्याच्या पैशांतून कापणी होई. नव्या कायद्याने बाजारावर समिती नेमली. अडत्यांना व मापाऱ्यांना परवाने घेणे भाग पडले. कोणत्या कामाबद्दल किती पैसे घ्यावयाचे, हे ठरवून देण्यात आले. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने देशभर असे नियंत्रित बाजार असावेत, अशी शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचे उदाहरण आयोगाच्या समोर होते. या कायद्यात एक उणीव मात्र होती. समितीत व्यापाऱ्यांचे वजन होते आणि शेतकऱ्यांसाठी जागा राखून ठेवलेली नव्हती. ज्याचा माल तोलावयाचा, त्यालाच तराजूजवळ उभे राहण्याचा अधिकार नसावा, हे योग्य नव्हे. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बाजार समित्यांत शेतकऱ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना स्थान दिले.

बाजार सुधारला, पण गाठीच्या पोटातील माल कसा ओळखावा, हा प्रश्न राहिलाच होता. १९१७ साली नेमलेल्या कापूस समितीने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला. तिच्या शिफारशींतून १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि पाठोपाठ दोन कायदे झाले. १९२३ च्या कायद्याने बाहेरचा हलका कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात आणून त्यात मिसळण्यास बंदी करता येऊ लागली. १९२५ च्या कायद्याने कापसातून सरकी काढणाऱ्या आणि गाठी बांधणाऱ्या कारखान्यांना नियम लावले. त्यांतील एक नियम दिसावयास अगदी लहान, पण परिणामाने फार मोठा होता. प्रत्येक गाठीवर कारखान्याची ठरलेली खूण आणि गाठीचा अनुक्रमांक घालणे सक्तीचे झाले. आता दूरच्या गिरणीत एखादी गाठ फोडल्यावर आत माती निघाली, तर ती कोणत्या कारखान्यात बांधली गेली, हे त्या खुणेवरून सांगता येऊ लागले. निनावी माल नावानिशी ओळखला जाऊ लागला. ज्याच्या नावाची खूण मालावर असते, तो मनुष्य माल अधिक जपून बांधतो.

खूण झाली, परंतु चांगले-वाईट ठरविण्याची कसोटीही हवी होती. तीसाठी १९२४ साली मुंबईस माटुंगा येथे कापसाची प्रयोगशाळा उघडण्यात आली. निरनिराळ्या जातींच्या कापसाचे सूत कातून पाहावे, तंतूंची लांबी, बारीकपणा आणि बळकटी मोजावी, असे काम तेथे सुरू झाले. हीच संस्था आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

तंतूची लांबी इतक्या कौतुकाने का मोजतात? सूत कातण्याच्या यंत्रात रुळांच्या जोड्या असतात. मागच्या जोडीपेक्षा पुढची जोडी अधिक वेगाने फिरते आणि त्यामुळे कापसाचा पेळू ताणला जाऊन बारीक होतो. या दोन जोड्यांमधील अंतर तंतूच्या लांबीला अनुसरून ठेवलेले असते. लांब तंतूंमध्ये आखूड तंतू मिसळले, तर ते मधल्या जागेत कोणाच्याच पकडीत राहत नाहीत. मग सूत कोठे जाड, कोठे बारीक होते आणि तुटते. बनीत जरी मिसळण्याचे पाप शेवटी गिरणीतील मजुराच्या हाताखाली उघडे पडत असे, ते यामुळेच. आज आपल्या देशात तंतूच्या लांबीवरून कापसाचे पाच वर्ग करतात. २० मिलिमीटर किंवा त्याहून कमी लांबीचा तो आखूड धाग्याचा, २०.५ ते २४.५ मिलिमीटरचा मध्यम, २५ ते २७ मिलिमीटरचा मध्यम लांब, २७.५ ते ३२ मिलिमीटरचा लांब, आणि ३२.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक लांबीचा अतिलांब धाग्याचा कापूस होय. पूर्वी कुशल पारखी चिमटीत कापूस धरून, तंतू ओढून, नुसत्या नजरेने लांबी सांगत. आता यंत्रे लांबीबरोबर बारीकपणा, बळकटी, रंग आणि कचरा हेही मोजून देतात.

ओलाव्याचे गणित तर तुम्हीही करू शकाल. दोन गाड्यांवर प्रत्येकी १०० किलो कापूस आहे, असे समजा. पहिल्या गाडीतील कापसात ८ टक्के ओलावा आहे. म्हणजे ८ किलो पाणी व ९२ किलो कोरडा माल. दुसऱ्या गाडीत १२ टक्के ओलावा आहे. म्हणजे १२ किलो पाणी व ८८ किलो कोरडा माल. दोन्ही गाड्यांना एकच दाम दिले, तर खरीददाराने दुसऱ्या गाडीच्या ४ किलो पाण्याचे पैसे कापसाच्या भावाने दिले, असे होईल. शिवाय ओला कापूस गाठीत दाबून बांधला, की तो आतून तापतो, पिवळा पडतो आणि त्याला बुरशी येते. म्हणून भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभावाच्या खरेदीत अलीकडे ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव देतात, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कमी करतात आणि त्याहून ओला माल घेत नाहीत.

आता मूळ गोष्ट ध्यानात येईल. कोणत्याही मालाविषयी तीन गोष्टी आधी ठरवून, लिहून, सर्वांना कळविल्या म्हणजे त्या मालाचे ‘मानक’ तयार होते. काय मोजावयाचे, हे पहिले. ते कोणत्या रीतीने मोजावयाचे, हे दुसरे. मोजून आलेला आकडा किती असला म्हणजे माल पसंत करावयाचा, हे तिसरे. या तिहींपैकी एक जरी निसटले, तरी मानक लंगडे पडते. “कापूस कोरडा असावा,” एवढे म्हणणे हा उपदेश झाला. “या रीतीने मोजला असता ओलावा अमुक टक्क्यांहून अधिक नसावा,” असे म्हटले, की ते मानक झाले. उपदेशावर वाद घालता येतो. आकडा मात्र पुन्हा मोजून पाहता येतो.

कापसाला लागू असलेला हा विचार सर्वच वस्तूंना लागू आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात फेब्रुवारी १९०४ मध्ये भयंकर आग लागली. शेजारच्या शहरांतून आगीचे बंब मदतीला धावून आले. परंतु त्यांपैकी अनेकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात! प्रत्येक शहराने आपापल्या सोयीने माप ठरविले होते. पाणी होते, माणसे होती, धाडसही होते. नव्हते ते फक्त एक समान माप. शहराचा मोठा भाग त्या आगीत भस्मसात झाला. आपल्या घरातील दिवा कोणत्याही दुकानातून आणला तरी खोबणीत बसतो, सायकलीची चकती एका गावात हरवली तरी दुसऱ्या गावात तशीच मिळते, यामागे अशा समान मापांचीच पुण्याई आहे.

आपला देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा हे कार्य राष्ट्रीय पायावर उभे करण्याचे ठरले. ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था अस्तित्वात आली. डॉ. लालचंद वर्मन हे शास्त्रज्ञ तिचे पहिले संचालक झाले. त्याच वर्षी जगातील मानक संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि भारत त्याच्या संस्थापक सभासदांपैकी एक होता. या संस्थेने पुढे हजारो मानके तयार केली. त्यांतील ‘भारतीय मानक क्रमांक १’ कोणत्या वस्तूचे असेल, याचा अंदाज करा. ते पोलादाचे नाही, की सिमेंटचेही नाही. ते आपल्या राष्ट्रध्वजाचे आहे! १९५१ साली ते प्रसिद्ध झाले. ध्वजाच्या खादीचे सूत, कापडाचे वजन, रंगांच्या छटा आणि त्यांचा पक्केपणा, लांबी-रुंदीचे ३ : २ हे प्रमाण, चक्राचे २४ आरे, हे सर्व त्यात नेमके सांगितले आहे. स्वतंत्र राष्ट्राने पहिले माप घेतले, ते कापसाच्या कापडाचे, ही गोष्ट वऱ्हाडच्या मुलांनी विसरू नये.

मापांतील गोंधळ मात्र अजून शिल्लक होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक भरे. शब्द एक, वजने दोन! कापसाच्या व्यापारात ३९२ पौंडांची गाठ आणि अशा दोन गाठींची, म्हणजे ७८४ पौंडांची खंडी चाले. १९५६ साली वजने व मापे यांचा राष्ट्रीय कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने वापरात येऊ लागली. राष्ट्रध्वजाचे मानकही १९६४ साली नव्या मापांप्रमाणे दुरुस्त करण्यात आले. आता कापसाची गाठ १७० किलोग्रॅमची धरतात. जुनी सवय मात्र चिवट असते. कापसाच्या बाजारात रुईचा भाव आजही खंडीच्या हिशेबाने बोलतात. ती खंडी आता ३५५.६२ किलोग्रॅमची, म्हणजे नेमकी जुन्या ७८४ पौंडांचीच आहे.

मानक तयार होते कसे, हेही पाहू. कोणी एक अधिकारी खुर्चीत बसून ते लिहीत नाही. माल तयार करणारे, तो वापरणारे, शास्त्रज्ञ आणि सरकारचे प्रतिनिधी यांची समिती बसते. मसुदा तयार होतो. तो लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध करतात. आलेल्या सूचनांवर चर्चा होते, प्रयोग करून पाहतात आणि मग मानक पक्के होते. काळ बदलतो, नवी यंत्रे येतात. म्हणून निदान पाच वर्षांतून एकदा त्याची पुन्हा तपासणी करतात. १९५२ च्या कायद्याने या संस्थेला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. तेच आपल्या परिचयाचे ‘आयएसआय’ चिन्ह होय. १ एप्रिल १९८७ पासून या संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. चिन्ह मात्र तेच राहिले. कापसाच्या गाठींसाठीही भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक १२१७१.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मानकाची गरज पीक विकतानाच लागते असे नाही. ती पेरणीच्या आधीच लागते. कापसाची खोट निदान हाताला लागते, बियाण्याची खोट मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते ती पाऊस पडून गेल्यावर, रिकाम्या राहिलेल्या तासांत. तोवर बियाण्याचे पैसे गेलेले असतात आणि पेरणीची वेळही टळलेली असते. म्हणून १९६६ च्या बियाणे कायद्याने उगवणशक्तीची किमान मर्यादा ठरविण्याची सोय केली. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यातील १०० दाण्यांपैकी निदान ७०, आणि तुरीच्या १०० दाण्यांपैकी निदान ७५ दाणे उगवले पाहिजेत, असा नियम आहे. अशा प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी लावलेली असते. अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वऱ्हाडचे सुपुत्र आणि देशाचे कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याला दिलेले आहे. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचे, म्हणजे ‘महाबीज’चे मुख्य कार्यालयही १९७६ पासून अकोल्यासच आहे. एके काळी आपल्या कापसाच्या बदनामीने चिंतेत पडलेल्या प्रदेशातून आज राज्यभर बियाणे जाते आणि त्याच्या पिशवीवरील चिठ्ठीवर अनोळखी शेतकरी विश्वास ठेवतो.

तथापि मानक म्हणजे जादूची कांडी नव्हे. ते किमान मर्यादा सांगते. उत्कृष्टतेची अखेरची सीमा सांगत नाही. दुसरे असे, की माप कितीही उत्तम असले, तरी ते हाती धरणारा मनुष्य खोटा असेल, तर त्याचा उपयोग होत नाही. बाजारात एखाद्या शेतकऱ्याचा कापूस नुसता हातात घेऊन “ओला आहे” असे सांगितले आणि भाव पाडला, तर मानक असूनही अन्यायच होईल. अशा वेळी शेतकऱ्याने नम्रपणे, पण ठामपणे विचारले पाहिजे, “ओलावा यंत्राने मोजा आणि आकडा मला दाखवा.” हा प्रश्न विचारण्याचे बळ त्याला मानकानेच दिले आहे. धनवान व्यापाऱ्याजवळ स्वतःचे पारखी असतात, स्वतःची प्रयोगशाळा असते. दोन-चार क्विंटल कापूस घेऊन आलेल्या लहान शेतकऱ्याजवळ यांतले काहीच नसते. सर्वांसाठी एकच ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असलेले माप, हाच त्याचा आधार. म्हणून मानक ही केवळ कारखानदारांच्या सोयीची वस्तू नसून ती दुबळ्याच्या हाती दिलेली न्यायाची काठी आहे.

मुलांनो, तुम्ही मोठे झाल्यावर कोणी शेती कराल, कोणी दुकान चालवाल, कोणी कारखान्यात काम कराल. तुम्ही पिकविलेला किंवा घडविलेला माल अशा माणसांच्या हाती जाईल, की ज्यांनी तुमचे तोंडही कधी पाहिलेले नसेल. त्यांना तुमची ओळख पटेल ती त्या मालावरूनच. मापात पूर्ण आणि गुणात खरा असा माल देणारा मनुष्य स्वतःबरोबर आपल्या गावाचे नावही राखतो. उमरावतीच्या नावाला लागलेला डाग धुण्यास किती वर्षे लागली, हे आपण पाहिले. नाव मिळविण्यापेक्षा गेलेले नाव परत मिळविणे अधिक कठीण असते.

शब्दार्थ
यादवी युद्ध – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध. आगबोट – वाफेवर चालणारे जहाज. पऱ्हाटी – कापसाचे झाड. सरकी – कापसाचे बी. रुई – सरकी काढलेला कापूस. पेळू – सूत कातण्यासाठी केलेली कापसाची लांबट गुंडाळी. अडत्या – दुसऱ्याचा माल विकून देणारा मध्यस्थ. मापारी – माल मोजून वा तोलून देणारा. कडता – मालाच्या वजनातून किंवा किमतीतून केलेली कपात. आटे – दोन नळ्या जोडण्यासाठी त्यांवर पाडलेल्या पेचदार खाचा. तास – नांगराने किंवा पाभरीने पाडलेली ओळ.

स्वाध्याय
१. एकाने केलेल्या भेसळीमुळे प्रामाणिक शेतकऱ्याचे नुकसान कसे होत असे?
२. १८६३ च्या कायद्यानंतरही भेसळीची तक्रार का राहिली, याचे लेखकाने कोणते कारण दिले आहे?
३. गाठीवर खूण व अनुक्रमांक घालण्याच्या नियमाने कोणता फरक पडला?
४. ‘उपदेश’ आणि ‘मानक’ यांतील भेद पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
५. ‘मानक ही दुबळ्याच्या हाती दिलेली न्यायाची काठी आहे,’ हे विधान तुम्हांस पटते काय? सकारण लिहा.
६. एका गाडीत २५० किलो कापूस असून त्यात १० टक्के ओलावा आहे. कोरडा माल किती, ते काढा.
७. पुढील म्हणीचा व वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : सुक्याबरोबर ओलेही जळते, अंगवळणी पडणे, नावाला डाग लागणे.
८. उपक्रम : घरातील पाच वस्तूंवर कोणती प्रमाणचिन्हे आहेत, ते पाहा. वस्तूचे नाव, चिन्ह आणि मानकाचा क्रमांक यांची यादी वहीत करा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून शेर, पायली, मण या जुन्या मापांविषयी माहिती मिळवा.